शेवटची गाडी गेल्यानंतर

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आणि पंधरा दिवसांच्या आत आम्ही चौघीजणी तिच्यात बसून आलो. चौघीही बँकेतल्या, चौघीही निवृत्त, आणि चौघींनी मिळून लोकलच्या बायकांच्या डब्यात घालवलेला वेळ मोजला तर एक सबंध आयुष्य सहज भरेल. दादरला सरकत्या जिन्याने खाली उतरताना आम्ही एकमेकींचे हात धरले होते. भीती जिन्याची नव्हती. इतक्या वर्षांत दादरला कोणी धक्का न देता उतरायची सवयच राहिलेली नव्हती.

गाडीत बसायला जागा मिळाली. काचेच्या दारांचे, थंडगार हवेचे, घोषणेतल्या शुद्ध मराठीचे कौतुक करून झाले. आमच्यातली एक जण शाखेत हेडकॅशियर होती आणि अजूनही भाजीवाल्याने सुटे पैसे दिले तरी नोट उजेडाकडे धरून पाहते. तिने दारावरचा नकाशा पाहिला, सत्तावीसच्या सत्तावीस स्थानके बोटाने मोजली आणि विचारले, "शेवटची गाडी किती वाजता गं?"

"साडेदहा," मी म्हणाले.

"रात्री साडेदहा? मग काय उपयोग? आपली लोकल मेली एकपर्यंत असते. आणि न्यूयॉर्कला म्हणे रात्रभर चालते."

मी तेव्हा काही बोलले नाही. हुतात्मा चौक आला, आम्ही वर आलो, जुन्या शाखेच्या इमारतीकडे एकदा पाहून घेतले, चहा घेतला आणि पांगलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. हेडकॅशियरचा प्रश्न असा सहज सोडून देता येत नाही, हे बँकेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मी इंजिनिअर नाही. भुयारी रेल्वेबद्दल बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, बदलीच्या, लेकीच्या आणि फिरायच्या निमित्ताने मी पाच-सहा शहरांच्या पोटातून प्रवास केला आहे, आणि सदतीस वर्षे अशी नोकरी केली आहे जिच्यात लोक आपल्यावर विश्वास टाकतात आणि आपण मात्र कोणावर टाकायचा नसतो. प्रवासी मंडळी या गाड्यांची तुलना करतात तेव्हा 'सोय' आणि 'भरवसा' हे दोन शब्द एका दमात वापरतात. मला वाटते, या दोघी सख्ख्या बहिणी नव्हेत, जावा आहेत. एका घरात नांदतात, वरवर बरे चालते. पण एकीच्या कमरेला किल्ल्या गेल्या की दुसरीचा चेहरा उतरतो.

भुयारी रेल्वे मी पहिल्यांदा पाहिली ती कोलकात्याला. १९९३ साली बढती मिळाली आणि तिच्याबरोबर बदलीचे पत्रही. घरी नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि मी डलहौसी चौकातल्या शाखेत. कालीघाटजवळ एका बंगाली कुटुंबात खोली घेतली होती. सकाळी मेट्रोने एस्प्लेनेडपर्यंत जायचे आणि पुढे चालायचे, कारण त्या वेळी मेट्रो तिथेच संपत होती. तिचा पहिला साडेतीन किलोमीटरचा तुकडा, एस्प्लेनेड ते भवानीपूर, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झालेला. भारतातली ती पहिली भुयारी रेल्वे. तिची पायाभरणी १९७२ची. मधली बारा वर्षे चौरंगीचा रस्ता उकरून ठेवलेला होता आणि शाखेतले जुने कारकून त्या चिखलाच्या आठवणी लग्नाच्या आठवणी सांगाव्यात तशा रंगवून सांगत. दमदमपासून टॉलीगंजपर्यंत सलग गाडी धावली ती १९९५ मध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी आमच्या शाखेत मिष्टी दोई वाटली होती.

वर ट्रामचा खडखडाट, पानाच्या पिंका, कचऱ्याचे ढीग. आणि पंचवीस-तीस पायऱ्या उतरून गेले की तीच माणसे एकदम सभ्य. खाली कोणी थुंकत नसे. जो बाबू वर फुटपाथ रंगवत होता तोच खाली तोंडातला विडा गालात दाबून मुकाट उभा. याची कारणे सांगताना बंगाली सहकारी संस्कृतीवर घसरत. मला कारण साधे वाटे. रोज रात्री धुतली जाणारी जागा घाण करायला पहिला माणूस कचरतो, आणि पहिला कचरला की दुसऱ्याला धीर होत नाही. पहाटेच्या गाडीने मुंबईला यायला निघत असे तेव्हा स्थानक ओले असायचे. रात्री इथे कोणीतरी येऊन जाते, एवढे तेव्हा कळले. जास्त विचार केला नाही.

न्यूयॉर्कला मी २०१७ साली गेले, लेकीच्या बाळंतपणाला. ती क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला राहते. घराजवळ डोक्यावरून सात नंबरची गाडी जाते, पायाखालून आणखी चार. खालच्या रस्त्यावर कढीपत्ता आणि भेंडी मिळते, त्यामुळे मला परदेशात आल्यासारखे वाटायला आठवडा लागला. नात झाली त्या रात्री जावई इस्पितळातून पहाटे सव्वातीनला घरी आला. मी घाबरून विचारले, "अरे, कसा आलास?" तर म्हणाला, "गाडीने." आमटीभात खाल्ला, अंघोळ केली आणि पाचला परत गाडीनेच गेला. गाडी रिकामी नव्हती म्हणे. हॉटेलांतून सुटलेले स्वयंपाकी, कचेऱ्या पुसून घरी निघालेल्या बायका, गणवेशातल्या परिचारिका. सोय म्हणजे काय, तर ही. माझ्या हेडकॅशियर मैत्रिणीने 'म्हणे' म्हणून सांगितलेले अगदी खरे आहे. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झालेली, ४७२ स्थानकांची ही रेल्वे दिवसरात्र चालते, आणि ते तिला साधते कारण तिच्या मोठ्या मार्गांवर चार-चार रूळ आहेत. दोन जलद गाड्यांचे, दोन धीम्या. एक जोडी दुरुस्तीला घेतली तर दुसरीवरून काम भागते.

पण त्याच २०१७च्या जूनमध्ये राज्याच्या गव्हर्नरने या रेल्वेसाठी आणीबाणी जाहीर केली होती. आणीबाणी हा शब्द आमच्या पिढीला वेगळ्या कारणाने माहीत. रेल्वेसाठी तो वापरतात हे मी प्रथमच ऐकले. त्या वर्षाच्या सुरुवातीला कामाच्या दिवशी वेळेवर पोचणाऱ्या गाड्यांचे प्रमाण शंभरात पासष्टच्या आसपास घसरले होते. बऱ्याच मार्गांवरची सिग्नलयंत्रणा १९३०च्या दशकातली. जिथे रात्र नाही तिथे दुरुस्ती करायची केव्हा? मग ती शनिवार-रविवारी गाड्या वळवून, मधली स्थानके गाळून, तुकड्यातुकड्याने करायची, आणि उरलेली पुढे ढकलायची. घरात चोवीस तास पाहुणे असले की गृहिणीचे ओट्यामागचे काम जसे राहत जाते, तसे.

त्यातला पैशांचा भाग मात्र मला जास्त रंजक वाटला. धंद्याची सवय! १९०४ साली या गाडीचे भाडे पाच सेंट होते आणि ते १९४८ पर्यंत पाच सेंटच राहिले. चव्वेचाळीस वर्षे. मध्ये दोन महायुद्धे झाली, भाव चढले, पगार चढले, कोळसा-पोलाद महागले. पण पाच सेंटला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, कारण त्यावर महापौर निवडून येत. जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, यंत्र झिजते तशी दरवर्षी घसाऱ्याची तरतूद करावी लागते. ती केली नाही तर वही छान दिसते आणि यंत्र एक दिवस बसते. ही रेल्वे १९७०च्या दशकात अशीच बसली. १९८२ पासून मोठी भांडवली योजना आखून तिला पुन्हा उभे करावे लागले. स्वस्त भाड्याचे बिल नातवंडांच्या नावे फाडलेले होते.

तरीही न्यूयॉर्कवर हसायला मी तयार नाही. ६ मे २०२० रोजी, कोविडच्या काळात, त्या शहराने आपल्या इतिहासात प्रथमच ठरवून रात्रीच्या गाड्या थांबवल्या. डबे धुण्यासाठी रात्री एक ते पाच. वर्षभराने, १७ मे २०२१ रोजी त्या पुन्हा पूर्णवेळ सुरू झाल्या. त्या वर्षात ज्यांचे हाल झाले ते घरात बसून संगणकावर काम करणारे नव्हते. लेक फोनवर सांगत असे, शेजारची बाई रात्रपाळीला जायला आता दोन बस बदलते. रात्रीची गाडी ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने एकदा रात्रपाळी करून पाहावी.

याच्या नेमके उलटे टोक म्हणजे टोकियो. २०१९च्या एप्रिलमध्ये मी भाचीकडे गेले होते. ती निशी-कसाईला राहते. साधारण २००० सालापासून तिथे भारतीय संगणक अभियंते राहू लागले, कारण तिथून तोझाई मार्गाची गाडी न बदलता थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते. मी तिथे होते त्याच महिन्यात योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या एदोगावा विभागाच्या सभागृहावर निवडून आले. भाचीच्या घरी त्याचे पेढे खाल्ले. म्हणजे पाहा, एका रेल्वेमार्गाच्या सोयीने माणसे कुठे वस्ती करतात आणि ती वस्ती कुठवर जाते.

जपानची गाडी सेकंदालाही चुकत नाही, ही आपल्याकडची दंतकथा. भाचीच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी ती मोडीत काढली. सकाळच्या वेळी तोझाई मार्ग त्या काळी टोकियोतला सर्वांत तुंबलेला. क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसे. दारे लागायला वेळ लागतो, पाच मिनिटे उशीर सहज होतो. पण पाच मिनिटे उशीर झाला की स्थानकावर एक छोटी चिठ्ठी मिळते, गाडीला अमुक मिनिटे उशीर झाला असे दाखवणारी. ती कचेरीत नाहीतर शाळेत दाखवायची. आता ती संगणकावरूनही काढता येते. मी ती चिठ्ठी मागून घेतली आणि अजून पाकिटात ठेवली आहे. सदतीस वर्षांत मी शेकडो कागदांवर सह्या केल्या, पण "इतकी मिनिटे आम्ही तुमचे देणे लागतो" असे ग्राहकाला न मागता सांगणारा कागद माझ्या हातून कधी गेला नाही.

दुसरी गोष्ट पाहिली ती गार्डची. पांढरे हातमोजे घातलेला तो तरुण दार लावण्यापूर्वी रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने काहीतरी म्हणतो. कोणाला? कोणालाच नाही. स्वतःला. नुसते पाहिले तर डोळा चुकतो. बोट आणि तोंड बरोबर चालले तर चूक कमी होते, असा त्यांचा अनुभव. मला आमचे कॅश मोजणे आठवले. एकाने मोजायची, दुसऱ्याने मोठ्याने आकडा म्हणायचा आणि मगच सही. नव्या पोरी हसायच्या. एक दिवस पाचशेची एक नोट कमी भरली की हसणे थांबायचे.

टोकियोत मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. शेवटच्या गाडीला त्यांच्याकडे खास शब्द आहे, शूदेन. ती चुकली की टॅक्सीचे भाडे ऐकून माणूस शुद्धीवर येतो. गैरसोय खरीच. पण त्या चार-पाच तासांत काय होऊ शकते त्याचे एक उदाहरण सांगते. शिबुया भागात तोयोको मार्गाचे रूळ जमिनीवर होते. ते भुयारातल्या फुकुतोशिन मेट्रोला जोडायचे होते. मार्च २०१३ मधल्या एका रात्री शेवटची गाडी गेल्यावर सुमारे १,२०० कामगार खाली उतरले आणि पहिली गाडी यायच्या आत त्यांनी रूळ खालच्या मार्गाला जोडून दिले. सकाळी लोक आले ते नव्या फलाटावर. गाजावाजा असा काही झालाच नाही, कारण वाट कोणाचीच अडली नव्हती. अर्थात त्या एका रात्रीमागे काही वर्षांची तयारी होती, हे आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवावे.

लंडनला मी आणि 'हे' २०११ साली सहलीबरोबर गेलो होतो, त्यामुळे तिथला अनुभव पर्यटकाचाच. १८६३ साली, वाफेच्या इंजिनांवर सुरू झालेली ती जगातली पहिली भुयारी रेल्वे. खोल मार्गांवर अजून वातानुकूलन नाही, आणि उन्हाळ्यात आपण बोरीबंदरच्या जुन्या हॉलमध्ये उभे आहोत असे वाटते. पण तिथल्या व्हिक्टोरिया मार्गावर गर्दीच्या वेळी तासाला छत्तीस गाड्या धावतात. शंभर सेकंदांना एक. एक चुकली तर माणूस मान वर करूनही पाहत नाही. वेळापत्रक पाठ नसणे ही केवढी सोय आहे, हे आठ-बावीस आणि आठ-एकोणचाळीसमध्ये आयुष्य कापलेल्या बाईला विचारा! लंडनने रात्रीच्या प्रश्नावर मधला तोडगा काढला. २०१६ पासून काही मार्गांवर फक्त शुक्रवार-शनिवारी रात्रभर गाड्या. बाकीच्या रात्री वीज बंद, भुयारे दुरुस्तीवाल्यांची, आणि प्रवाशांसाठी रस्त्यावर रात्रीच्या बस. त्या भुयारांतून रात्री रुळांवरची धूळ आणि माणसांचे गळालेले केस वेचणाऱ्या सफाईवाल्या बायकांना 'फ्लफर' म्हणत. आपले केस कोणी वेचत असेल असे गाडीत बसल्यावर आपल्या मनातही येत नाही.

इथे एक बायकी तक्रार नोंदवून ठेवते. या तुलना करणाऱ्यांत साठीची गुडघेदुखीवाली बाई कधीच नसते. माझ्या गुडघ्यांच्या मते क्रमवारी अगदी वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या ४७२ स्थानकांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास स्थानकांवरच पाय न उचलता फलाटापर्यंत जाता येते. टोकियोत लिफ्ट असते, पण ती तुमच्या दारापासून स्थानकाच्या पार दुसऱ्या टोकाला. मात्र टोकियोत स्थानकावर स्वच्छ, फुकट स्वच्छतागृह असते, आणि प्रवास लांबचा असला की पन्नाशीपुढच्या बाईच्या लेखी त्यापुढे वक्तशीरपणा वगैरे सगळे दुय्यम. दिल्लीची मेट्रो २००२ साली सुरू झाली आणि आपली तर आताची. उशिरा जन्मल्याचा फायदा म्हणून आपल्याकडे लिफ्ट आणि सरकते जिने पहिल्यापासून आहेत. ते चालू ठेवणे हे पुढचे काम, आणि तेच अवघड.

का अवघड, ते सांगायला सिंगापूरला जावे लागेल. मी तिथे गेलेली नाही, पण ती हकिकत मी कात्रण काढून ठेवली आहे. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी मोठा पाऊस झाला आणि बिशानजवळच्या भुयारात पाणी शिरले. ते उपसायला पंप होते, पण ते चाललेच नाहीत. देशातल्या मुख्य मार्गाच्या एका तुकड्यावर सुमारे वीस तास गाड्या बंद राहिल्या. स्वच्छ, शिस्तीचे, दंड करणारे सिंगापूर! चौकशीत निघाले काय? तर पंपांच्या देखभालीच्या नोंदी व्यवस्थित भरलेल्या होत्या. सह्याही होत्या. काम केलेले नव्हते.

हे वाचले तेव्हा माझ्या कानशिलांवर घाम आला. कारण ती सही मी ओळखते. तशी मी स्वतः केलेली आहे.

२००९ सालची गोष्ट. शाखा कुठली ते विचारू नका. शाखेत जनरेटर होता. तो दर शनिवारी दहा मिनिटे चालवून पाहायचा आणि रजिस्टरात नोंद करायची असा नियम. शिपाई चालवायचा, नोंद तोच करायचा, खाली सही माझी. सुरुवातीला मी मागच्या जिन्यावर उभी राहून आवाज ऐकत असे. पुढे ऐकेनाशी झाले. पुढे तर रजिस्टर महिन्यातून एकदाच माझ्या टेबलावर येई आणि मी चार सह्या एका दमात ठोकून दुसरे काम ओढत असे. १ ऑक्टोबरला, पेन्शनच्या दिवशी, बाराच्या सुमारास वीज गेली. ऑक्टोबरचा उकाडा, हॉलमध्ये ऐंशी-नव्वद म्हातारी माणसे, आणि संगणक आल्यामुळे विजेशिवाय एक रुपया द्यायची सोय राहिलेली नव्हती. जनरेटरची बॅटरी केव्हाच मेलेली. एक आजोबा बाकावरून घसरले. साखरपाणी दिले, पंख्याने वारा घातला, बरे झाले; पण जाताना ते मलाच म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच त्रास करून घेऊ नका, तुमचा काय दोष?" वीज अडीच तासांनी आली.

आठवड्याने तपासणीस आले. त्यांनी रजिस्टर चाळले, एका पानावर बोट ठेवले आणि माझ्याकडे वळवले. १५ ऑगस्टला जनरेटर दहा मिनिटे चालवल्याची नोंद होती. खाली माझी सही. त्या वर्षी १५ ऑगस्ट शनिवारी आला होता, आणि शाखा बंद होती.

मला ताकीद मिळाली, प्रकरण मिटले. आजोबांचे वाक्य मिटले नाही. त्यानंतर भरवसा या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ ठरून गेला. गाडी वेळेवर येते ते आपण पाहतो. पण ती उद्या येईल की नाही, हे ज्या खोलीत ठरते तिथे एक पंप असतो, एक रजिस्टर असते आणि सही करायला कंटाळलेला एक माणूस असतो. बहुतेक वेळा तो माणूस वाईट नसतो.

म्हणून मुंबईच्या मेट्रोकडे मी कौतुकाने आणि जरा धास्तीने पाहते. साडेतेहतीस किलोमीटरचे भुयार या शहराखालून काढणे ही सामान्य गोष्ट नाही. लोकलमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत. रूळ ओलांडताना, दारातून पडून. त्या शहरात आपोआप बंद होणारे दार हीच मोठी क्रांती आहे. आपली लोकल भरवशाची, असे आम्ही सगळ्या जणी अभिमानाने सांगतो. घड्याळाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण सकाळी गेलेले माणूस संध्याकाळी घरी येईल, हा भरवसा तिने कधी दिला नव्हता, आणि आम्ही तो कधी मागितलाही नाही.

पण याच नव्या मार्गावर आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा १० मे २०२५ रोजी सुरू झाला आणि २६ मेच्या पावसात त्या स्थानकात पाणी घुसले, वरळीपुढची गाडी बंद ठेवावी लागली. एका प्रवेशद्वाराचे बांधकाम अपुरे होते, हे कारण सांगण्यात आले आणि ते खरे असेल. नव्या घरात पहिल्या पावसाळ्यात गळतेच. प्रश्न पहिल्या पावसाळ्याचा नाही, पंधराव्याचा आहे. कोलकात्याच्या ज्या मेट्रोचे मी एवढे गोडवे गायले तिचेच दक्षिणेकडचे शेवटचे स्थानक, कवी सुभाष, २०१० साली सुरू झाले होते. जुलै २०२५ मध्ये खांबांना तडे गेल्याने ते बंद करावे लागले. पंधरा वर्षे म्हणजे स्थानकाच्या आयुष्यात शाळकरी वय.

आता मुंबईत दोन मागण्या हमखास होणार. एक, भाडे वाढवू नका. दोन, गाडी रात्री उशिरापर्यंत चालवा. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्ही करणारे माझेच लोक आहेत. दहा ते सत्तर रुपये भाडे लोकलच्या पासापुढे जडच वाटते. भाडे चढू द्यायचे नसेल तर सरकारने तिजोरीतून द्यावे, मला त्यात गैर वाटत नाही. रस्ते आणि पूल आपण फुकटच वापरतो. पण घसाऱ्याचे पैसे कोठून येणार, हे आजच वहीत लिहिलेले हवे. न्यूयॉर्कचे पाच सेंट चव्वेचाळीस वर्षे सगळ्यांना गोड लागले होते.

आणि रात्रीबद्दल माझे मत असे की, रुळांची रात्र रुळांना द्यावी आणि माणसांची रात्र बसने भागवावी. साडेदहाची वेळ थोडी पुढे न्यायला हरकत नसावी, साडेअकरा-बारा म्हणा. पण पुढचे चार-पाच तास मागू नयेत. त्याऐवजी मेट्रोच्या मार्गावरून पहाटेपर्यंत ठरावीक अंतराने बस मागाव्यात, दिवा असलेल्या थांब्यांच्या. रात्रपाळीची परिचारिका आणि हॉटेलातला पोऱ्या यांची सोय त्याने होईल. इथे दुखणे असे की, बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांचा ताफा आपण गेली काही वर्षे आटू दिला. म्हणजे एका हाताने भुयार खणायचे आणि दुसऱ्याने बस मोडीत काढायची. अशा जमाखर्चाला आमच्या बँकेत ज्या नावाने हाक मारत ते रविवारच्या पुरवणीत लिहिण्यासारखे नाही.

आणखी एक मागणे आहे, ते बँकवालीचे. प्रत्येक स्थानकाच्या दाराशी एक तक्ता लावावा. मागच्या महिन्यात किती गाड्या उशिरा आल्या, किती मिनिटांनी. कुठली लिफ्ट किती दिवस बंद होती. पंप कोणत्या तारखेला चालवून पाहिले आणि त्या वेळी प्रत्यक्ष कोण हजर होते. हजर असणारा आणि सही करणारा वेगवेगळा असावा. तारखांमध्ये सुट्टीचा शनिवार आला तर लोकांनी विचारावे. खर्च काय, एक फळा आणि खडू.

परवा शिवाजी मंदिरातला प्रयोग लवकर संपला आणि मी हेडकॅशियरबाईंना ओढतच मेट्रोकडे नेले. तिची कुरकुर चालूच होती. दादरच्या फलाटावर आम्ही दोघी, एक जोडपे आणि झोपलेले मूल एवढेच. गाडी आली, जोडपे चढले, आणि मैत्रिणीची पर्स उघडली जाऊन चिल्लर खाली सांडली. ती वेचेपर्यंत दारे लागली. गाडी गेली. अर्थातच शेवटची.

वर येताना जिन्याच्या कडेला पाच-सहा माणसे उभी होती. पिवळी जाकिटे, डोक्यावर हेल्मेट, एकाच्या हातात डबा, एकाकडे लांब दांड्याचे काहीतरी अवजार. सगळी पोरसवदा. आम्हाला पाहून त्यांच्यातला एक बाजूला सरला आणि म्हणाला, "मावशी, खाली अजून कोणी आहे का?"

माझी मैत्रीण थांबली. वळून तिने रिकाम्या फलाटाकडे नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

"कोणी नाही," ती म्हणाली. "जा तुम्ही."